अंग सैल सोडण्याची सरकारी पद्धत

मुलांनो, जरा डोळे मिटा. (दोन्ही मिटले तर पुढचे वाचता येणार नाही, तेव्हा एकच मिटा.) आता अशी कल्पना करा, की आपण दोरीवर वाळत घातलेली ओली चादर आहोत. चादरीला गृहपाठ नसतो, चादरीची बदली होत नाही, चादरीला कोणी हाक मारीत नाही. ती नुसती लोंबते. माणसाला मात्र नुसते लोंबता येत नाही. त्यासाठी वरून हुकूम यावा लागतो. हे गंभीर सत्य सोलापूरच्या एका प्राथमिक शाळेत सिद्ध झाले, त्याला आता बरीच वर्षे झाली. घड्याळापेक्षा गिरणीच्या भोंग्यावर लोकांचा विश्वास जास्त, असे ते दिवस.

त्या शाळेचे हेडमास्तर होते कमलाकरपंत. ते हंगामी होते. हंगामी म्हणजे खुर्चीवर बसायचे, पण पाठ टेकायची नाही.

झाले असे, की शाळाखात्याचे एक बडे साहेब फिरतीवर असताना त्यांच्या ध्यानात आले, की कोणत्याही वर्गात पाऊल टाकावे तो मुले लाकडासारखी ताठ बसलेली. साहेबांना फार वाईट वाटले. आपण नसताना हीच मुले बाकाखाली लोळतात, हे त्यांना ठाऊक नव्हते. ठाऊक होणार तरी कसे? साहेब नसताना मुले कशी बसतात, हे साहेबाला कधीच पाहता येत नाही. कारण पाहायला तो तिथे असतो.

तेव्हा हुकूम निघाला: विद्यार्थ्यांच्या अंगात साचलेला ताण ध्यानाच्या व शांत पडून राहण्याच्या योगे काढून टाकण्यात यावा, आणि काढल्याचा अहवाल पाठवावा. (काढलेला ताण कुठे ठेवावा, याचा खुलासा नव्हता. तो पंतांनी स्वतःकडे ठेवला.) महिनाअखेर शाळाखात्याचे डेप्युटी येऊन तपासणी करणार होते. शेरा चांगला पडला तर पंत कायम होणार; वाईट पडला तर पुन्हा वैराग गावी बदली.

वैरागात वाईट असे काहीच नव्हते. पण त्यांच्या सोलापूरच्या बिऱ्हाडात नळ होता.

"तुम्ही खुशाल जा," त्यांच्या पत्नी रुक्मिणीबाईंनी सांगून टाकले. "तीन गावं घागरी वाहिल्या मी. आता या नळापासून मला हलवायचं असेल तर नळासकट हलवा."

पंत त्या रात्रीपासून दात आवळून झोपू लागले.

सैलपणाचा तास ड्रिलमास्तर बसलिंगप्पांकडे देण्यात आला, कारण पलटणीत राहून आल्यामुळे शिस्तीची त्यांना माहिती होती आणि शिस्तीशिवाय सैल पडणे म्हणजे आळस. मुलांना गोणपाटावर ओळीने निजवून ते शिटी फुंकीत.

"उजव्या पायाचा अंगठा... सै—ल! गुडघा... सै—ल! श्वास आ—त! ए शरणम्मा, मधीच कशाला सोडतीस गं? हुकूम झाला का?"

"गुदमरलं की मास्तर!"

"गुदमर. पण रांगेत गुदमर."

परीक्षेची रीत शास्त्रोक्त होती. निजलेल्या मुलाचा हात उचलायचा आणि सोडायचा. हात धप्पकन खाली पडला तर मूल सैल, म्हणजे पास. हात वरच रेंगाळला तर मूल ताठ. त्याने सैल होईपर्यंत अंगठे धरून उभे राहायचे. ही शिक्षा फार गुणकारी ठरली. अंगठे धरावे लागू नयेत म्हणून मुले सोडलेला हात जिवाच्या आकांताने जमिनीवर आपटू लागली. वर्गात पिंजाऱ्याने कापूस पिंजावा तसा आवाज येऊ लागला. पहिल्या आठवड्यात सैलपणात निम्मी वाढ झाली आणि सुजेवर लावायच्या हळदीच्या खपात दुप्पट.

ज्ञानूची आई केराबाई शाळेत आली ती पोराला दंडाला धरूनच.

"काय शिकिवताय वो मास्तर? घरी बी धपाधप हात आपटतंय. शेजारीण म्हनती, आज लईच भाकरी थापताय?"

"बाई, मुलगा सैल होतो आहे," पंत म्हणाले.

"सैल? कोपार सुजलंय की! आन् पानी आन म्हनलं तर म्हनतंय, मला उटायची मनाई हाय."

पंतांनी दप्तरात नोंद केली: पालकांनाही फरक जाणवतो.

सगळ्या शाळेत नापास होती ती एकटी शरणम्मा. तिचा हात सोडला की लिंबाचे पान गळावे तसा आपोआप, हळूच खाली येई आणि आवाजच होत नसे. आवाज नाही, तर पुरावा नाही. आणि पुराव्यावाचून पास कसे करणार? त्यामुळे ती बहुतेक वेळ भिंतीपाशी अंगठे धरून उभी असे आणि शाळा उलटी बघत असे. उलटे पाहिले की बरेच दिसते.

"मास्तर," एकदा ती पायांमधून म्हणाली, "तुमचे खांदे कानाला लागलेत की."

"ते जन्मापासून तिथेच आहेत," पंत म्हणाले. "खाली बघ."

"खालीच बघायलीय."

तपासणीच्या दिवशी डेप्युटी वेणीमाधवराव आले. जोडा दाराबाहेर काढला, छत्री कोपऱ्यात ठेवली. बसलिंगप्पांनी शिटी फुंकली आणि सगळी शाळा एका दमात सैल पडली. रावसाहेब ओळीने हात उचलीत गेले. धप्प. धप्प. धप्प. कौले हलली. (शरणम्माला आधीच भिंतीपाशी वाकवून ठेवले होते, कारण ती नापास आहे हे साहेबांना कळले असते, तर साहेबांना त्रास झाला असता.)

"उत्तम!" रावसाहेब म्हणाले. "आता हेडमास्तर, आपण."

"मी?"

"गुरूच ताठ असला तर शिष्य सैल कसे राहतील? पडा."

पंतांनी पगडी उतरवली, कोटाची बटणे तपासली आणि ते गोणपाटावर पडले. नियमाप्रमाणे डोळे मिटले, ते इतके घट्ट की कपाळाला निऱ्या पडल्या. रावसाहेबांनी त्यांचा हात उचलला आणि सोडला.

हात वरच राहिला.

जणू पंतांना उत्तर येत होते आणि कोणी विचारीत नव्हते. रावसाहेबांनी तो दाबून खाली घातला. तो पुन्हा वर आला. बसलिंगप्पांनी घाबरून "सै—ल!" म्हणून आरोळी ठोकली, तेव्हा दुसराही वर आला. मिटल्या डोळ्यांपुढे पंतांना नळ दिसत होता. त्याची धार बारीक होत होत थेंबावर आली होती. रावसाहेबांनी शेरा लिहायला खिशातून पेन्सिल काढली.

तेवढ्यात भिंतीपाशी वाकलेली शरणम्मा साध्या आवाजात म्हणाली, "मास्तर, सायेब गेले."

पंतांचे दोन्ही हात खाली आले. आवाज झाला नाही. खांदे कानांपासून निघून जन्मात पहिल्यांदा आपल्या जागी गेले, जबडा सुटला, आणि पंत घोरू लागले. ते ऐकून मुलांनी कुशी बदलल्या. बसलिंगप्पांच्या तोंडातून शिटी गळून पडली आणि ते मटकन खाली बसले. खुद्द रावसाहेबांनी दाराकडे पाहिले, मोठा निःश्वास टाकला आणि कोटाचे वरचे बटण सोडले.

"गेले एकदाचे," ते म्हणाले.

साहेब आपणच आहोत, हे त्यांच्या ध्यानात यायला बराच वेळ लागला. तोवर असा सैलपणा साऱ्या जिल्ह्यात कुणी पाहिला नव्हता. शेरा पडला: सर्वोत्कृष्ट. पंत कायम झाले, नळ राहिला. पुढे वरून नवा हुकूम निघाला, की प्रत्येक शाळेत रोज सकाळी "साहेब गेले" असे मोठ्याने म्हणावे. मात्र ते म्हटले जाते की नाही, हे पाहण्यास साहेबांनी जातीने हजर राहावे.

तुम्ही हसलात ना? हसा. पण हे वाचताना तुमचे खांदे कुठे होते? आत्ता हळूच खाली घेतलेत, तेच. साहेब नव्हता, शिटी नव्हती. नुसते पुस्तकाने म्हटले आणि तुम्ही ऐकलेत. आणि तो मघाचा डोळा आता उघडा.

तर शेरा लिहून झाल्यावर रावसाहेब शरणम्माला म्हणाले, "हुशार आहेस. बोल, तुला काय हवे? आज संध्याकाळपर्यंत मी इथेच आहे."

शरणम्माने अंगठे सोडले. सरळ उभी राहून तिने त्यांच्याकडे नीट पाहिले. मग ती दाराशी गेली, त्यांचा जोडा उचलून रस्त्याकडे तोंड करून ठेवला, आणि छत्री आणून त्यांच्या हातात दिली.