मागच्या दाराची ललकारी

दौलूमामांच्या घरात कुणाला गुपचूप शिरता येत नसे. वाटीभर साखर मागायला गेलं तरी मामा उंबऱ्यावर छाती काढून उभे राहत आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी ललकारी देत, "निगा रखोऽऽ! शेजारचं मास्तर साखर न्यायला आल्यातऽऽ!" पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी वाटी तिथंच टाकून पळालो होतो.

मामांचे वडील संस्थानी काळातले चोपदार. आलेल्याचं नाव आणि काम खणखणीत पुकारून मगच त्याला आत सोडायचं, हा त्यांचा रिवाज. संस्थान गेलं, मामा सरकारी विश्रामगृहात शिपाई झाले, पण रिवाज काही सुटला नाही. "मास्तर, मानसाला नाव हाय, काम हाय. मग पुकारायला लाज कसली?" हे त्यांचं पालुपद. मंत्र्यांना तर तो थाट फारच आवडायचा.

नव्वदच्या दशकातल्या एका दुपारी तो थाट अंगाशी आला. आमच्या गावच्या डोंगरात खाणवाल्यांनी सुरुंग लावून लावून अर्ध्या गावाच्या भिंती तडकवल्या होत्या. खाणी बंद करा, असं सांगायला आम्ही गावकरी विश्रामगृहावर मंत्रीसाहेबांकडे गेलो. फाटकातच पीए आडवा आला. "साहेबांना ताप आहे. आज कुणालाच भेटणार नाहीत." आम्ही बापडे चिंचेखाली बसलो. माझ्या चुलत्यांनी तर साहेबांना बरं वाटावं म्हणून अंबाबाईला नारळ बोलला!

तेवढ्यात इमारतीच्या मागून आवाज उठला, "निगा रखोऽऽ! खाणमालक संघाचं अध्यक्ष, नव्या डोंगराची परवानगी मागायला, स्वैपाकघराच्या दारानं आल्यातऽऽ!"

आम्ही ताडकन उठलो. नवा डोंगर? पीए मागं धावला. "अहो, गप्प बसा!" आवाज क्षणभर थांबला. मग पुन्हा आला, पहिल्यापेक्षाही मोठा, "आनि त्यांच्यासंगं संघाचा कारकून, दौलू चोपदाराचा ल्योक, सुरेशऽऽ!"

सुरेश! मामांचा एकुलता एक मुलगा. बापानं त्यालाही सोडलं नाही, यावर माझा विश्वासच बसेना. आम्ही सगळे मागच्या दारी धावलो. तापानं फणफणलेले साहेब खाणवाल्यांच्या पंगतीत तांबड्या रश्श्याची वाटी तोंडाला लावून बसले होते.

एवढा बोभाटा झाल्यावर परवानगी बारगळली. मामांची बदली एका गोदामावर झाली. तिथं पुकारायला माणूसच येत नसे. सुरेश त्याच संध्याकाळी घर सोडून गेला. मामी आधीच वारल्या होत्या, त्यामुळं घरात मामा एकटेच उरले.

"मामा, पोराचं नाव तेवढं गाळायचं होतं," मी एकदा म्हणालो.

"गाळायचं? मग बाकीच्यांचं तरी कोंच्या तोंडानं घ्यायचं?" असं खेकसून ते रस्त्याकडं बघत बसले. रोज संध्याकाळी ते असेच बसायचे. कुणाची स्कूटर वाजली की उठायचे, घसा खाकरायचे आणि पुन्हा बसायचे. मला बघवत नसे.

दिवाळीच्या तोंडावर मी असाच त्यांच्याजवळ बसलो होतो. परसदाराची कडी वाजली. बघतो तर स्वयंपाकघरात सुरेश, हातात पिशवी! मी दचकून उभाच राहिलो. मामा जागचे हलले नाहीत.

"हितनं न्हाय," ते म्हणाले. "पुढनं ये."

सुरेश बोळातून वळसा घालून आला आणि उंबऱ्याबाहेर मान खाली घालून थांबला. पुकारल्याशिवाय आत यायचं नाही, हे त्यालाही ठाऊक होतं. मामा उठले. छाती काढली. "निगा रखो..." एवढं म्हणाले आणि अडले. पुन्हा तोंड उघडलं, पण शब्द काही फुटेना.

बाप आत अडलाय, पोरगा बाहेर ताटकळतोय. शेवटी मीच वर्गातला आवाज काढून खच्चून ओरडलो, "निगा रखोऽऽ! दौलू चोपदाराचा ल्योक सुरेश, घरी जेवायला आलायऽऽ!"

गल्लीतल्या खिडक्या धडाधड उघडल्या. सुरेश आत आला. मामांनी टॉवेलानं तोंड पुसलं.

"आवाज जरा ल्हान पडला, मास्तर," म्हणाले, आणि दोन ताटं घ्यायला आत गेले.