आत्या नावाचं यंत्र

"एका आठवड्यात कंपनी उभी करून दाखवतो!" असं मी बायकोला छातीठोकपणे सांगितलं तेव्हा ती कपडे वाळत घालत होती.

"रविवारपर्यंत शंभर गिऱ्हाइकं आण," ती चिमटा लावत म्हणाली. "नाहीतर सोमवारी जुन्या साहेबांची माफी मागून नोकरी परत घे."

आता तुमच्यापासून काय लपवायचं? राजीनामा मी साहेबांच्या टेबलावर असा आपटला होता, की त्यांचा गरम चहा थेट त्यांच्या पँटवर गेला होता! माफीचा रस्ता तेव्हाच बंद झाला होता.

पण कल्पना फक्कड होती. ॲपचं नाव 'पानवैद्य'. कुंडीतलं झाड सुकलं, की फोटो पाठवा. दोन मिनिटांत यंत्र रोग आणि उपाय सांगणार!

ॲप बनवायला मेहुणा होता. तो म्हणाला, "दाजी, असलं यंत्र शिकवून तयार करायला सहा महिने लागतील."

"आपल्याकडे सहा दिवस आहेत."

"मग उत्तरं कोण देणार?"

आम्ही दोघांनीही एकदमच सोफ्याकडे पाहिलं. तिथे माझी आत्या चष्मा पुसत बसली होती. बत्तीस वर्षं शाळेत वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेली, आमच्याकडे चार दिवस विश्रांतीला आलेली!

"आत्या, खरं यंत्र तयार होईपर्यंत तूच यंत्र हो ना!"

"होते. पण मध्ये मध्ये बोलायचं नाही."

शुक्रवारी ॲप सुरू झालं. पहिल्या उत्तरात आत्याने सभ्यपणे लिहिलं, 'पाणी कमी घाला.' पण दहाव्या फोटोपर्यंत तिच्यातली शाळेतली बाई जागी झाली. 'ही कुंडी आहे की विहीर?' 'पानं पिवळी पडेपर्यंत काय झोपला होतात?' 'उद्या याच वेळी पुन्हा फोटो पाठवा. सबब चालणार नाही!'

मी कपाळाला हात लावला. पण लोक खूश! 'काय यंत्र आहे! अगदी माणसासारखं ओरडतं!' म्हणून त्यांनी उत्तरं एकमेकांना पाठवली. शनिवारी दुपारी गिऱ्हाइकं नऊशे झाली. आत्याची बोटं दुखायला लागली, तेव्हा तासभर मी बसलो. एका फोटोला मी झोकात लिहिलं, 'रोज दोन पेले पाणी आणि भरपूर ऊन.'

उत्तर आलं, 'झाड प्लास्टिकचं आहे. मी नव्या कंपन्यांत पैसे गुंतवतो. उद्या सकाळी तुमचं यंत्र बघायला येतोय.'

मेहुणा पांढराफटक पडला! "दाजी, दाखवायचं काय?"

"काहीतरी मोठं, घरघरणारं."

रविवारी ते पैसे गुंतवणारे साहेब आले. आम्ही आत्याला फोन देऊन स्वयंपाकघरात बसवलं होतं आणि वॉशिंग मशीनवर चादर टाकून ते सुरू केलं होतं. यंत्र असं थरथरत होतं, जणू त्यालाच थंडी वाजून ताप भरलाय!

"फार विचार करतंय," मी म्हणालो.

"चादरीखालून पाणी कसलं येतंय?" साहेबांनी विचारलं.

"घाम असेल," मेहुणा पुटपुटला.

साहेब बाल्कनीत गेले, एका झाडाचा गुपचूप फोटो काढला आणि पाठवला. मिनिटभरात त्यांचा फोन वाजला. त्यांनी उत्तर मोठ्याने वाचलं, 'हे झाड माझ्याच भाच्याच्या बाल्कनीतलं आहे आणि ठणठणीत आहे. त्या कुंडीवरचा बूट आधी खाली घ्या!'

साहेबांनी दचकून पाय खाली घेतला. मग ते सरळ स्वयंपाकघरात शिरले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

अर्धा तास! बाहेर मी, मेहुणा आणि फरशी पुसणारी बायको. आतून आधी आत्याचा चढा आवाज, मग साहेबांचं हसणं, मग कपबश्यांचा आवाज. आता पोलिस येणार की पैसे, काही कळेना.

दार उघडलं. साहेब प्रसन्न चेहऱ्याने म्हणाले, "पैसे घालतोय. पण खोटं यंत्र नको. 'आत्याला विचारा' असं उघड सांगायचं. आणि कंपनीच्या प्रमुख या आत्याबाई."

मी उडीच मारली! मेहुण्याला मिठी मारली, बायकोकडे विजयी नजर टाकली आणि आत्याच्या पाया पडत विचारलं, "आणि माझी खुर्ची कोणती?"

आत्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"तुझी मुलाखत मंगळवारी अकराला. अर्ज स्वच्छ अक्षरात आण."

सध्या तयारी करतोय. अर्ज दोनदा परत आलाय, शुद्धलेखनासाठी. तुमची तिच्याशी ओळख असेल, तर माझ्यासाठी जरा शब्द टाका ना!