तुळशीरामाचे बारसे

पोट भरण्यासाठी ज्याला कष्ट करावे लागतात, त्याला परमेश्वराने बुद्धी दिलेली नाही, असे तुळशीरामाचे ठाम मत होते. आणि पनवेलच्या बाजारात दुसऱ्याच्या चहाचे घोट घेत तो ते निःसंकोचपणे सांगत असे. आपट्यास तो वैद्य होता, पेणेस ज्योतिषी आणि उरणास मौनी महाराज! उरणास विंचू चावला, मौन सुटले आणि महाराजांना वहाणा टाकून पळावे लागले. दाट, पिळदार मिशा एवढेच त्याचे भांडवल. नाव मात्र गावागणिक निराळे.

स्वातंत्र्य मिळून तीन-चार वर्षे झाली असतील. एका गाडीवानाकडून त्याला ओवे गावच्या गुणाबाईची हकीकत कळली. तिचा एकुलता एक मुलगा बळीराम ऐन तारुण्यात मिठाच्या गलबतावर चढला, तो परतलाच नाही. म्हातारी एकटी, दृष्टी अधू, आणि हाताला मात्र अमृताची चव!

"आठ दिवस मुलगा होऊ," तुळशीरामाने मनाशी ठरवले. "तिला आनंद, मला मासळी. यात बिघडले कुणाचे?"

ओव्यास जाऊन त्याने "आये!" म्हणून असा काही टाहो फोडला, की अंगणातल्या कोंबड्या कौलांवर चढल्या. गुणाबाईने त्याच्या चेहऱ्यावरून हात फिरवला. भुवईपाशी तिची बोटे क्षणभर थांबली. मग ती म्हणाली, "आलास रं बाला? बस. भूक लागली आसंल."

जिताड्याचे कालवण आणि तांदळाची ऊन भाकरी! तुळशीराम पुष्कळ पंक्ती जेवला होता. परंतु शेजारी बसून त्याच्या घासातले काटे कोणी काढून दिले नव्हते. दोन-तीन दिवसांत त्या बिलंदराच्या मनात एक अपरिचित इच्छा डोकावू लागली. इथून जाऊच नये!

तेवढ्यात गावचे वडीलधारे दाजी चारचौघांना घेऊन दारात उभे राहिले.

"बळीराम, तू आलास ह्ये ब्येस झालं. पन तू मेलायस."

"मी?"

"बारा वर्सं वाट बघितली. मंग दर्भाचा पुतला करून जाळला. तुझं तेरावं मी सोता जेवलोय!"

"चुकून जेवलात, दाजी. पण आता मी जिवंत आहे ना?"

"त्ये तू म्हनतोस! गावानं मेल्याला पंगतीला कसा बसवायचा?"

प्रकरण पनवेलच्या वृद्ध शास्त्रीबुवांकडे गेले. त्यांनी डोळे मिटून क्षणभर चिंतन केले आणि शांतपणे सांगितले, "शास्त्रात मार्ग आहे. ज्याची उत्तरक्रिया झाली तो परत आल्यास त्याने पुनर्जन्म घ्यावा. तुपाने भरलेल्या भांड्यात बसवून बाहेर काढावे, आणि जातकर्मापासूनचे सर्व संस्कार नव्याने करावेत." एवढे तूप अख्ख्या पनवेलीत नव्हते. तेव्हा त्या दयाळू पुरुषाने "यथाशक्ती" असा शब्द उच्चारून कोमट पाणी आणि पळीभर तूप यांवर भागवण्याची अनुज्ञा दिली.

गावजेवणाच्या टोपात तुळशीरामाला गुडघे हनुवटीशी घेऊन बसवण्यात आले. चिंधी सुईण कमरेला पदर खोचून पुढे झाली.

"रड!"

"अं?"

"पोर रडल्याबिगर जनमलं म्हनत नाय. रड की मेल्या!"

त्याने वैद्य, ज्योतिषी, महाराज यांचे सारे कसब पणाला लावून हुंदका दिला. चिंधीला तो पसंत पडला नाही. तिने पाठीत असा धपाटा घातला की तुळशीराम खराखुरा जन्मला! मग त्याला धोतरात गुंडाळून चिंचेच्या फांदीला बांधलेल्या झोळीत निजवले. तिसऱ्या झोक्याला गाठ सुटली आणि बाळ शेणाच्या ढिगावर उतरले. कान टोचले. जावळ काढताना न्हाव्याने विचारले, "दाजी, ह्या मिशा?"

"नव्या पोराला मिशा कुटल्या? काड!"

तुळशीरामाने डोळे मिटले. मिशा गेल्या, तरी घर मिळत होते. सौदा त्याला महाग वाटला नाही.

शेवटी बारसे. कानात नाव सांगण्याचा मान आत्याचा. पण आत्या हयात नव्हती, म्हणून तो गुणाबाईकडे आला. बायका गाणे म्हणू लागल्या. त्या गलबल्यात म्हातारी त्याच्या कानाशी वाकली आणि हळूच म्हणाली,

"बाला, तू माझा बळीराम नाय. पयल्या दिशीच कललं मना. पन आज तू माझ्या घरात जनमलास. तुझं खरं नाव सांग. त्येच ठेवते. मंग ह्ये घर तुझं."

हाय रे दैवा! इतक्या गावांत इतकी नावे सांगितलेल्या त्या माणसाला खरे नाव आजवर कोणी विचारलेच नव्हते. ते ओठापर्यंत आले. परंतु आयुष्यभराची सवय त्याच्याही पुढे धावली. हा सापळा आहे, असे त्या सवयीने त्याला बजावले.

"आये, असं काय म्हणतेस? मीच तुझा बळीराम!"

गुणाबाईने त्याच्या गालावरचा हात काढून घेतला. सरळ उभी राहून तिने सर्वांना सांगितले, "बळीराम."

गावाने टाळ्या पिटल्या. गूळ-खोबरे वाटले गेले. तुळशीरामाला आपण काय केले ते कळले. पण आता खरे नाव सांगितले, तरी ते खरे मानायचे कोणी?

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने फडक्यात भाकरी आणि भाजलेले सुके बोंबील बांधून त्याच्या हातात दिले.

"बळीराम घरात टिकायचा नाय, ह्ये मना ठाव हाय. त्यो गेला तवा भाकरी बांधून द्यायची ऱ्हायली व्हती. ती तू ने, बाला."

एवढे बोलून ती आत गेली. दार उघडेच होते. त्याचे पाऊल मात्र उंबऱ्याकडे वळेना.

पनवेलच्या वाटेवर, खाजणाच्या कडेला तो बराच वेळ बसून राहिला. आसपास कोणी नव्हते. चिखलात एक बगळा तेवढा उभा होता. तुळशीराम उठला, घसा साफ केला आणि हात जोडून मोठ्या आदराने त्याला म्हणाला,

"माझं नाव तुळशीराम."

बगळ्याने पाय बदलला.