पुराणिककाकांची बिनगळाची माशी

पुराणिककाका रोज सकाळी साडेसहाला आमच्या करंजाड्यातल्या सोसायटीच्या गच्चीवर मासे पकडायला जातात. गच्ची सातव्या मजल्यावर आहे. तिथे पाणी म्हणाल तर टाकीत, आणि टाकीला कुलूप.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी मागच्या मागे जिना उतरणार होतो. काका उजव्या काखेत जुनं पंचांग दाबून उभे, हातात नऊ फुटी लवचिक काठी, तिला लांबलचक पिवळी दोरी आणि दोरीच्या टोकाला तांबड्या लोकरीचा गोंडा. काठी मागे नेली की "दोन!" पुढे आणली की "दहा!" समोर लांबवर निळं घमेलं ठेवलेलं. गोंडा त्या घमेल्यात सोडून सगळीकडे पडत होता. त्या दिवशी तो आमच्या वाळत घातलेल्या परकरात अडकला.

"काका, हे काय चाललंय?"

"फ्लाय फिशिंग. काठी घड्याळातल्या दोनवर थांबवायची, मग दहावर. पंचांग पडलं की समजायचं, कोपर सुटलं. तो गोंडा म्हणजे माशाला भुलवायची माशी. खऱ्या माशीला गळ असतो, ही सरावाची आहे."

आता हा माणूस कोण, ते सांगतो. कट्टर शाकाहारी; माझ्या हातात माशांची पिशवी दिसली तर लिफ्ट सोडून पाच मजले चढणारा. उभं आयुष्य न्हावा शेवा बंदरावर एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात कंटेनरचे कागद तपासले. "सावंत, कागद स्वच्छ पाहिजे," हे त्यांचं पालुपद. सोसायटीची नोटीससुद्धा लाल पेनाने तपासून परत लावतात. माझ्या भाचीच्या लग्नपत्रिकेत त्यांनी तीन चुका काढल्या आणि आहेर त्याच पाकिटातून दिला. मुलाचा विषय निघाला की मात्र "तो हिमाचलला असतो," एवढं बोलून लगेच पार्किंगवर येतात.

तर या माणसाला मासे कशाला हवेत, हे मला समजेना.

"ट्राउट नावाचा मासा आहे, डोंगरातल्या गार नदीत असतो," काका म्हणाले. "पकडायचा आणि परत सोडून द्यायचा."

"सोडायचाच, तर पकडायचा कशाला?"

"त्याचा खुलासा मागाहून."

गेटवर उरणकडून सुनंदामावशी माशांची पाटी घेऊन येतात. त्यांना मी हा प्रकार सांगितला. त्यांनी पाटीवरचा हात काढून कपाळाला लावला. "आमी जालं टाकून बसतो तरी मासा नाय गावत, आनि ह्ये काका लोकर टाकून धरनार? वर सोडून देनार? सावंतभाऊ, त्यांना डाक्टरला दाखवलंव का?"

खरं तर मीही त्याच विचारात होतो.

खुलासा महिन्याभराने झाला. काका लॅपटॉप घेऊन आमच्या घरी आले. हिमाचलमधल्या एका नदीवर दोन दिवस गाईड घेऊन मासेमारी करायची, त्याचा फॉर्म होता. "तुमच्या नावाने भरा. सोबत एक ज्येष्ठ व्यक्ती."

"माझ्या नावाने का? आणि मी येणार आहे?"

"नाही. फक्त नाव." काकांनी गाईडच्या यादीतल्या दाढीवाल्या पोरावर बोट ठेवलं. "हाच पाहिजे."

खाली नाव होतं, निखिल पुराणिक.

"आमचाच," काका म्हणाले. "इंजिनियर झाला, नोकरी सोडली आणि तिकडे जाऊन लोकांना मासे दाखवत बसला. मी म्हणालो, हमाली आहे ही. तो म्हणाला, एक दिवस माझ्याबरोबर नदीत उभे राहा, मग बोला. मी गेलो नाही. चार वर्षं झाली, बोलणं बंद आहे. माझ्या नावाने बुकिंग केलं तर सरळ नाही म्हणेल. गिऱ्हाईक म्हणून समोर उभा राहिलो, तर दोन दिवस तरी त्याला माझ्याशी बोलावं लागेल ना?"

मी फॉर्म भरायला घेतला.

बुटाचा नंबर, उंची, पोहता येतं का, अनुभव किती. काकांनी प्रत्येक रकाना दोनदा तपासला. संकटकाळी कोणाला कळवायचं, या रकान्याशी त्यांनी धडाधड एक नंबर सांगितला. मी टाकला. "कागद स्वच्छ," काका म्हणाले आणि आम्ही फॉर्म पाठवला.

पुढचे दोन दिवस काकांनी घमेलं सोडून अख्ख्या गच्चीला माशी मारली. पंचांग दहा वेळा पडलं. तिसऱ्या सकाळी माझ्या फोनवर मेसेज आला आणि मी तसाच वर धावलो.

"सावंतकाका, बुकिंग पक्कं. तुम्ही आला नाहीत तरी चालेल. संकटकाळचा नंबर आईचा आहे. बाबांना सांगा, पाणी फार गार असतं, गुडघ्याचा पट्टा विसरू नका. निखिल."

काकांनी मेसेज वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला. "तेवढा एकच नंबर पाठ आहे हो मला," ते म्हणाले. "इतकी वर्षं कागद तपासले, अशी चूक कधी झाली नाही."

"बरं झालं की, काका."

पण त्यांचं लक्ष नव्हतं. ते पुन्हा फोनकडे बघत होते आणि आता माझ्यापेक्षा जास्त गोंधळलेले दिसत होते.

"सावंत, माझा गुडघा गेल्या दिवाळीत धरला. आमचं बोलणं त्याच्या आधीपासून बंद. आमची ही रोज संध्याकाळी गॅलरीत त्याच्याशी फोनवर तासभर बोलते, मी मुद्दाम आत बसतो. तो काय रोज माझंच विचारत होता?"

मी हो म्हणालो. काकांनी काठी उचलली, पंचांग काखेत धरलं, पण दोन-दहा काही म्हणाले नाहीत. काठी तशीच भिंतीला टेकवून ते जिन्याकडे निघाले.

"कुठे निघालात?"

"खाली," ते म्हणाले. "तो पट्टा हिने कुठे ठेवलाय, ते विचारतो."