पटले सरांना न चालणारा शब्द

पटले सरांसमोर ‘खाली’ म्हटलं की माणूस बाहेर. बाहेर म्हणजे खरोखरच बाहेर, चपला हातात घेऊन. परवा कोहमाऱ्याचा एक ट्रकवाला शिकायला आला आणि सहज बोलून गेला, की ट्रक खाली करायला, म्हणजे रिकामा करायला, वेळ लागला. त्याला सरांनी दारातूनच परत पाठवलं. ‘खाली बसा’ हेसुद्धा चालत नाही. ‘जमिनीवर बसा’ म्हणायचं.

गोंदियाबाहेर एका बंद पडलेल्या राईस मिलच्या गोदामात सर नेमबाजी शिकवतात. आधी शाळेत पीटी शिकवायचे, आता आमचा जीव खातात. माझं कापडाचं दुकान आहे. दिवसभर गिऱ्हाइकांच्या मनासारखं वागून डोकं उठतं, म्हणून हौसेनं छर्ऱ्याची रायफल घेतली. समोरच्या कागदावरच्या काळ्या गोलात स्वतःच्या हातानं एक छर्रा मारायचा, एवढीच माझी इच्छा होती. या माणसानं ती महिनाभर पुरी होऊ दिली नाही.

पहिल्याच दिवशी मी रायफल खांद्यावर टाकून ऐटीत आत शिरले. सरांनी मला घरी पिटाळलं, ती नीट पिशवीत बंद करून आणायला. मग नियम सुरू झाले. नळी समोरच्या भिंतीकडेच. नेम धरेपर्यंत बोट घोड्यापासून लांब. डोळ्यांवर जाड चष्मा, तो नसेल तर आत पाय ठेवायचा नाही. छर्रे सरांच्या खिशात आणि माझ्या हातात नुसती रिकामी रायफल. ती उचलायची, उघडून आत पाहायची, ठेवायची. मध्येच कुणाशी दोन शब्द बोललं की पुन्हा उघडून पाहायची. आत्ताच तर पाहिली, असं मी एकदा म्हणाले, तर सरांनी गोदाम डोक्यावर घेतलं.

गेल्या रविवारी कहर झाला. शेजारच्या टेबलावरच्या मेश्रामांनी त्यांची रायफल मला बघायला दिली. ती रिकामी आहे असं म्हणाले. भला माणूस, बँकेत आहे, खोटं कशाला बोलेल? मी घेतली.

मागून सरांचा आवाज आला. “पायलं का आयकलं?”

“ऐकलं,” मी म्हणाले.

सरांनी रायफल माझ्या हातातून काढून घेतली, उघडली, रिकामीच होती. तरी सगळ्यांसमोर मला सांगितलं की चालती हो, उद्यापासून येऊ नको. या वयात, दुकानाची मालकीण असून, मी शाळेतल्या पोरीसारखी हाकलली गेले. अंगाचा तिळपापड झाला. रायफल विकून टाकायची ठरवलं, पण त्याआधी कुणाला तरी चार शब्द सुनवायचेच होते. गोदामाला लागूनच सरांचं घर आहे. तिथे त्यांच्या पत्नी, सिंधूकाकू, सापडल्या.

काकूंचा डावा डोळा गेलेला आहे. ऑपरेशन बिघडलं असेल, असं मी धरून चालले होते. त्यांनी माझा सगळा त्रागा ऐकून घेतला आणि मग सांगितलं. पूर्वी सर घरातच नेम धरायचे. एकदा रायफल भरली आणि कुणी हाक मारली म्हणून ती खाटेखाली ठेवून बाहेर गेले. पाहुण्याला घेऊन परत येताना अंगणातूनच विचारलं, “बंदूक खाली हाय का?” काकूंनी वाकून पाहिलं. बंदूक खाटेखाली होती. म्हणाल्या, “हो, खाली हाय.” सरांनी ती उचलली आणि पाहुण्याला घोडा दाबून दाखवला. काकू तेव्हाच चहा घेऊन दारात आल्या होत्या.

मला त्या माणसाचा राग येत होता आणि रडूही येत होतं.

“माह्यावर नाही ओरडत ते,” काकू म्हणाल्या. “तवापासून एक वाकडा शब्द नाही. आधी चहा थंडा झाला तरी घर डोक्यावर घ्यायचे. आता घरात पावण्यावानी राहून राहिले. परवा मी मुद्दाम भाजीत दोनदा मीठ टाकलं. गुपचूप खाल्ली. वरून म्हणतात, चांगली झाली.”

तेवढ्यात गोदामातून सर मेश्रामांवर खेकसलेले ऐकू आले. काकू हातातली परात तशीच धरून गोदामाकडच्या भिंतीशी जाऊन उभ्या राहिल्या.

“उद्या येजो तू,” त्या म्हणाल्या. “तुयावर ओरडले का मले त्यायचा आवाज तरी आयकू येते.”