नाना सिनेमातल्या लग्नाला जातात

आमच्या शेजारचे नाना लग्नाच्या सिनेमाला जाताना घरून जेवून निघत नाहीत. "लग्नाले कोन जेवीसन जास?" हा त्यांचा सवाल. कडक इस्त्रीचा सदरा, पांढरी टोपी, खांद्यावर उपरणं, कानात अत्तराचा फाया अशा थाटात ते खुर्चीत बसतात आणि पडद्यावरच्या यजमानांनी आपली विचारपूस करावी अशी अपेक्षा धरतात. ती अर्थातच कोणी करत नाही. मग नाना उपाशीपोटी बोलायला लागतात.

धुळ्यात देवपुरात आमची भिंतीला भिंत. नाना आयुष्यभर शिरपूरच्या गाडीवर कंडक्टर होते, त्यामुळे आवाज शेवटच्या सीटपर्यंत पोचणारा. त्यांच्या टीव्हीवर लग्न लागलं की आमच्या घरात सनई नाही, नाना ऐकू येतात. हिंदी सिनेमातलं एकही लग्न त्यांनी आजवर पास केलेलं नाही. "हाई काय लगीन शे?" इथून जी सुरुवात होते ती नवरीची गाडी दिसेनाशी होईपर्यंत चालते.

परवा त्यांची भाची पल्लवी पुण्याहून आली. नाना-नानींना मूलबाळ नव्हतं. पल्लवीचे आईवडील नरडाण्याजवळच्या खेड्यात, म्हणून ती लहानपणापासून मामाकडेच राहून शिकली, इंजिनिअर झाली. नानी गेल्यापासून नाना घरात एकटेच असतात. आता पल्लवीचं लग्न ठरलं आहे. सध्या गाजत असलेला तो घरंदाज लग्नाचा सिनेमा मामाला दाखवायचाच असा तिनं हट्ट धरला, आणि 'मामाला आवरायला' म्हणून मलाही ओढून नेलं. नानांना आवरणं म्हणजे सुटलेली बस हाताने थांबवणं, पण गेलो.

आरंभीच हळदीचा कार्यक्रम. सगळे काळे चष्मे लावून एकमेकांवर हळद उधळताहेत.

"हाई हळद शे का होळी?" नानांनी खातं उघडलं.

मग वराकडची मंडळी आली. मुलीचा बाप दारातच नाचायला लागला. नाना खुर्चीतून अर्धे उठले. "अरे, नाचस काय! व्याहीले पानी इचार! सोयरा लांबून उना!"

पुढच्या रांगेतल्या एक आजी मागे वळल्या. मला वाटलं, आता हजेरी घेणार. पण त्या म्हणाल्या, "खरं शे भाऊ. टावेल-टोपी बी कोनी देत नही!"

झालं! नानांना वऱ्हाडातलं माणूस भेटलं. पाहुण्यांना टॉवेल-टोपी न देता लग्न उरकणाऱ्या त्या कोट्यधीश बापाची दोघांनी मिळून अशी काही सालं काढली की मागे कोणीतरी "शूः" केलं, तर बाकीच्यांनी त्यालाच गप्प बसवलं. लोक आता पडद्याकडे कमी आणि आमच्या रांगेकडे जास्त कान देत होते.

जेवणावळीला तर कहर झाला. पडद्यावरचे पाहुणे उभ्या उभ्या काडीला टोचलेला कसलासा तुकडा खात होते. "दातकोरनं खाई राहिनात का? वरण-बट्टी कोठे शे? पंगत कोठे शे? आग्रह कोन करी?" नानांच्या पोटातली भूक बोलत होती. आणि एवढ्या मोठ्या गोतावळ्यात एकही जावई रुसला नाही, हे पाहून तर ते हताशच झाले. "एक मानूस रुसना नही! मंग हाई लगीन नही भो, सत्संग शे." सगळं थेटर हसलं. पल्लवी तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती.

मग मुहूर्ताची वेळ आली. नाना एकदम सावरून बसले. टोपी नीट केली. माझ्या कानाशी लागून म्हणाले, "आते देख, मामा येई."

आमच्याकडे नवरीला हात धरून अंतरपाटापर्यंत आणायचा मान मामाचा. पल्लवीचं लग्न ठरल्यापासून नाना रोज सकाळी गच्चीवर चालतात. कशासाठी, हे मी एकदा विचारलं होतं. चालत्या गाडीत तिकिटं फाडण्यात जन्म गेला, त्यामुळे त्यांची चाल घाईची. नवरीची चाल सावकाश. ती जमवायची म्हणून ही तालीम. शेजारच्या गच्चीवरून मला हे ध्यान रोज दिसतं: डावा हात किंचित पुढे धरलेला, आणि एकेक पाऊल जपून.

पडद्यावर दार उघडलं. मामा आला नाही. गाणं सुरू झालं आणि नवरी एकटीच चालत निघाली. मैत्रिणींनी तिच्या डोक्यावर फुलांची चादर धरली होती. नानांनी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात पल्लवीनं त्यांचा दंड दाबला.

"मामा, बघ बघ! माझी एन्ट्री अशीच ठरवलीय. गाणंसुद्धा हेच!"

नानांनी तोंड मिटलं.

त्यानंतर सिनेमाभर ते एक शब्द बोलले नाहीत. निरोपाच्या वेळी नवरीची आई हिऱ्यांचे दागिने घालून रडली, तरी नाही. शेवटी पुढच्या आजींनी वळून काळजीनं विचारलं, "भाऊ, झोपी गयात का?" मला मात्र हसू आलं नाही.

बाहेर आल्यावर पल्लवीनं विचारलं, "कसा वाटला?"

"चांगला शे."

"एवढंच? मामा, तू आणि चांगला?"

"पोर हुशार व्हती. एकली चालनी, पन घाबरनी नही." आणि ते चपलेचा पट्टा उगाच नीट करत बसले.

पल्लवीनं माझ्याकडे पाहिलं. मी मध्ये तोंड घालणारा नव्हे, पण राहवलं नाही. "अगं, नाना महिनाभर गच्चीवर हळू चालायची तालीम करताहेत."

"साखर शे माले," नाना गुरगुरले. "डाक्टरनी सांगेल शे चालाले."

पल्लवी रडेल असं मला वाटलं, पण ती मामाच्याच हाताखाली वाढलेली. "हे बघ मामा, गाणं तेच राहील, ते मी बदलणार नाही," ती म्हणाली. "पण चादर नको. एवढ्या लोकांसमोर मला एकटीनं चालायला जमणार नाही. तू हात धरशील?"

नाना आग्रा रोडच्या रहदारीकडे बघत राहिले. "त्या गानावर माले नाचता येत नही," ते म्हणाले. आवाज शेवटच्या सीटपर्यंत काय, माझ्यापर्यंतही नीट पोचला नाही.

"नाचायचं नाहीये. चालायचंय."

तिनं हात पुढे केला. नानांनी तो धरला, आणि दोघं रस्ता ओलांडायला निघाले, एकेक पाऊल जपून. दोन्हीकडून रिक्षा आणि मोटारसायकली हॉर्न वाजवत होत्या. नाना वेग वाढवायला तयार नव्हते. त्यांनी मोकळा हात वर केला आणि भर रस्त्यात ओरडले, "थांबा रे भो! नवरी चाली राहिनी!"