गुरुजींनी हद्दपार केलेलं क्रियापद

खेडकर गुरुजींनी इंग्रजीतलं एक क्रियापद आमच्या शाळेतून हद्दपार केलं होतं. पाचवीच्या पुस्तकात जिथं जिथं 'गो' होतं, तिथं निळ्या पेन्सिलीनं काट मारून त्यांनी वर 'कम' लिहिलं होतं. त्यामुळे पाथर्डीकडच्या त्या गावात गाय रानात 'कम' करायची, एसटी नगरला 'कम' करायची, आणि सूर्यही मावळताना 'कम'च करायचा.

मी नगरच्या कॉन्व्हेंटात शिकलेली, नव्यानं लागलेली बाई. 'गो'चे सतरा उपयोग मला पाठ होते. चार माणसांत तोंड उघडणं तेवढं शिकायचं राहिलं होतं. म्हणून मी गुरुजींची चूक चिठ्ठीवर लिहिली, खाली 'आपली नम्र' अशी सही केली आणि चिठ्ठी त्यांच्या हजेरीपटात सरकवली.

गुरुजींनी ती भर वर्गात उघडली. "बाईंचं पत्र आलंय रे! जायला 'गो' म्हणावं म्हणतात." मग दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे वळून, "बाई, घरातून निघताना तुमी आईला काय म्हणता?"

"येते," मी पुटपुटले.

"मग? आईला येते आन् इंग्रजाला जाते? असली भाषा आपल्या पोरांना न्हाई परवडायची."

पोरं खदखदली. खडूच्या डबीत मावता येईल का, याचा मी अंदाज घेत होते. त्या संध्याकाळी मी गुरुजींना अडाणी ठरवलं. मनातल्या मनात, आणि तेही इंग्रजीत. उगाच कुणाला ऐकू जायला नको.

दिवाळी झाली. ऊसतोडीच्या बैलगाड्या शाळेवरून निघाल्या, आणि आईबापांबरोबर निम्मा वर्गही. मागच्या साली गेलेल्यांतली कितीतरी पोरं पुन्हा शाळेत फिरकली नव्हती, हे मला शिपायानं सांगितलं. गुरुजी रस्त्यात उभे राहून एकेक गाडी थांबवत होते.

"काय म्हणशील, सखू?"

वर्गातली सगळ्यात हुशार सखू भांड्यांच्या बोचक्यावरून ओरडली, "आय कम, गुरुजी!"

तिचा बाप ओशाळून हसला. "शाळा बास झाली आता, गुरुजी. धाकट्याला कोन सांभाळंल?"

गुरुजींनी सखूच्या हातातलं वर्गात बसायचं पोतं मागून घेतलं. "हे हितंच राहू दे. वर्गात तुझी जागा हाय."

गाड्या दिसेनाशा झाल्यावर त्यांनी ऑफिसातलं कपाट उघडलं. आत दप्तराचे कागद कमी आणि घडी घातलेली पोती जास्त. प्रत्येकाच्या कोपऱ्यात शाईनं नाव. पुष्कळशी नावं माझ्या हजेरीत नव्हतीच.

"ही कुणाची, गुरुजी?" मी विचारलं.

"हायेत एकेकाची. उंदरांपासून तेवढी जपावी लागतात, बाई."

ते सखूच्या पोत्याची घडी घालू लागले. एकट्यानं नीट जमेना. मी दुसरं टोक धरलं.